तार एकटी गात नाही

कष्टकऱ्याच्या घरात नवी वस्तू आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. केवढ्याला पडली? आणि कशाला लागते? शिलाई मशीन आले तर दुसरा प्रश्न कुणी विचारीत नाही. सायकल आली तरी नाही. पण वाद्य आले की शेजारीपाजारी, पैपाहुणे, एवढेच काय घरातली माणसेसुद्धा विचारतात, हे आपल्याला कशाला हवे? आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी गिटार आली, तेव्हा हा प्रश्न आम्हालाही पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर चार शब्दांत देता येत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आम्ही उभयता साधी माणसे. एकाची तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून गेली, दुसरीची दवाखान्यात आया म्हणून. संगीताचे शिक्षण दोघांचेही नाही. परंतु ज्या वस्तूने आमच्या घरात एवढे काही घडविले, ती चालते कशी हे समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. थोरल्याच्या बारावीच्या पुस्तकात तारेच्या कंपनांचा धडा होता. तो माळ्यावरून काढला, धाकटीकडून समजून घेतला आणि काही गोष्टी स्वतः करून पाहिल्या. त्यातून जे उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

हलगी सुटली, गाणे सुटले नाही

आमच्या वाडवडिलांच्या घरांत वाद्य नव्हते असे मुळीच नाही. हलगी होती. गावची जत्रा असो, लग्न असो, मयत असो, बोलावणे आले की जावेच लागे. वाजविणारा हात आपला आणि मान दुसऱ्याचा. वाजवून झाले की बसायचे लांब, आणि मिळायची ती शिळी भाकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकून दिली, त्यात हे वाजविण्याचे कामही गेले. आमच्या आजोबांनी हलगी खुंटीवरून उतरविली ती पुन्हा कधी टांगली नाही. त्यांनी जे सोडले तो हुकूम होता. गाणे त्यांनी सोडले नाही.

कारण त्याच्या आधीपासूनच आपल्या वस्त्यांत दुसरी वाद्ये वाजत होती. भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे ढोलकी, तुणतुणे घेऊन गावोगाव फिरले होते. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) आयुष्यभर तेच केले. वामनदादांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती, अक्षरओळख झाली ती मोठेपणी. पण त्यांच्या गाण्यांनी ज्यांना वाचता येत नव्हते अशा हजारो माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचविला. बाया जात्यावर बसून ओव्यांतून तेच गात होत्या. जात्याची घरघर हाच त्यांचा तंबोरा.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की धाकटी पहिल्यांदा एका क्लासमध्ये चौकशीला गेली तेव्हा तिथल्या बाईंनी आडनाव विचारले, मग वस्ती विचारली आणि हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे ढोल-ताशा छान वाजवतात की! गिटार कशाला?" पोरगी काही न बोलता परत आली. दोन दिवस जेवली नाही नीट. मग शिकवण्यांतून साठविलेल्या २,३०० रुपयांत तिने जुनी गिटार आणली. शेजारच्या चाळीतला एक मुलगा चर्चमध्ये गिटार वाजवितो, त्याने तिला बोटे कशी ठेवायची ते दाखविले. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आणि लग्नाच्या बँडमध्ये मुंबईला ज्या गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य वाद्ये वाजविली, त्यांच्याच परंपरेतला तो. त्याने आडनाव विचारले नाही.

तारही विचारीत नाही. आता तारेकडेच वळू.

तारेचा हिशेब

गिटारची तार दोन ठिकाणी पक्की असते. एकीकडे वरच्या पट्टीवरून ती खुंटीला जाते, दुसरीकडे खाली पेटीवर चिकटविलेल्या घोडीत अडकते. मधली मोकळी तार साधारण ६५ सेंटिमीटर. बोटाने ओढून सोडली की तिच्यातून दोन्ही बाजूंना लाट धावते. टोके हलत नाहीत, म्हणून लाट तिथे आपटून मागे फिरते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि आपल्याला तार जागच्या जागी थरथरताना दिसते, टोकांना स्थिर आणि मध्ये फुगलेली. ही थरथर सेकंदाला किती वेळा होते त्यावर सूर ठरतो. जास्त वेळा तर सूर चढा, कमी वेळा तर खालचा.

ही संख्या तीन गोष्टींवर अवलंबून असते. तारेची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. मेर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली हे नियम छापून ठेवले. लांबी निम्मी केली की कंपने दुप्पट होतात. म्हणजे गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर सेकंदाला ११० वेळा थरथरते, आणि बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्यावर बोट दाबले की २२० वेळा. कानाला तोच सूर वरच्या सप्तकातला ऐकू येतो. ताणाचे मात्र तसे नाही. कंपने दुप्पट करायची तर ताण चौपट करावा लागतो. म्हणून सूर चढविण्यासाठी खुंटी पिळीत गेले की तार तुटते. आणि वजन जास्त असेल तर तार आळसावते. गिटारच्या सगळ्यांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२ आणि सगळ्यांत बारीक तारेची सुमारे ३३०. दोन्हींची लांबी एकच, ताणही जवळपास सारखा. फरक आहे तो वजनाचा. जाड तार निरखून पाहिली तर दिसते की आतल्या पोलादी तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली आहे. नुसती जाड सळई घातली असती तर ती ताठ झाली असती आणि गोड वाजली नसती. वेटोळे घातल्याने वजन वाढते, पण लवचिकपणा राहतो.

गिटारच्या मानेवर ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट किंवा पडदे म्हणतात. त्या सारख्या अंतरावर नसतात, घोडीकडे जाताना जवळजवळ येतात. एकेक पडदा पुढे सरकले की उरलेली तार साधारण अठराव्या भागाने कमी होते. असे बारा वेळा केले की लांबी निम्मी होते. कारखान्यात मोजमाप करणाऱ्या माणसाला ही आखणी पाहून आनंद झाल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट. तार अख्खी थरथरते तशी त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही थरथरत असते. हे बारीक सूर मुख्य सुरात मिसळलेले असतात. कुठल्या वाद्यात कुठले बारीक सूर किती, यावरून सनई आणि पेटी एकच सूर वाजवीत असल्या तरी आपण डोळे मिटून ओळखतो. घोडीजवळ तार छेडली तर आवाज टोकदार येतो, मध्याकडे छेडली तर मऊ. आपल्याकडच्या तंबोऱ्याची घोडी सपाट आणि रुंद असते, तारेखाली एक दोरा सरकवितात, त्याने हे बारीक सूर अगदी झळाळून उठतात. त्याला जवारी म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्याच्या या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता.

पेटी का लागते?

आम्हाला सगळ्यांत नवल वाटले ते पुढेच. धाकटीची एक जुनी तार आम्ही लोखंडी शिकंजात पकडून भक्कम टेबलावर ताणली आणि छेडली. ती थरथरताना डोळ्यांना स्पष्ट दिसत होती, पण आवाज अगदी कान लावावा तेव्हा डास गुणगुणल्याएवढा. मग तिच्याखाली तेलाचा रिकामा डबा आणि त्यावर लाकडाची पट्टी सरकविली. तार पट्टीला टेकली आणि खोली भरून आवाज आला. तार तीच, ताण जवळपास तेवढाच, बोटही तेच.

कारण सोपे आहे. तार इतकी बारीक की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. हवेला ढकलायचे तर रुंद पृष्ठभाग लागतो. गिटारमध्ये तारेची थरथर घोडीतून पेटीच्या वरच्या पातळ फळीत उतरते. ती फळी पंख्यासारखी हवा हलविते. पेटीतली कोंडलेली हवाही गोल भोकातून आतबाहेर होऊ लागते आणि खालच्या सुरांना बळ देते. सहा पोलादी तारा प्रत्येकी १० ते १४ किलोने ओढत असतात, म्हणजे सगळ्या मिळून ७० किलोच्या वर. जणू एक माणूस त्या पातळ फळीला कायम लोंबकळत असतो. म्हणून आतून लाकडी पट्ट्यांचे आधार दिलेले असतात. फळी जाड केली तर भार सोसेल पण गाणार नाही. फार पातळ केली तर गाईल पण फाटेल. कारागिराचे कसब मधल्या मापात आहे.

आपले तुणतुणे पाहा. लाकडाचा पोकळ नळा, त्याच्या बुडाला कातडे ताणून बसविलेले, कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला बांधलेली. गिटारमध्ये फळी जे काम करते तेच इथे कातडे करते. एकतारीत ते काम भोपळा करतो. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला जे मोठे भोपळे लावतात त्यांचेही तेच. किंमत वेगळी, बैठक वेगळी, पण शास्त्र एक.

वाचकांना पटत नसेल तर मुलांना घेऊन एक रबर बँड दोन बोटांत ताणून छेडा. मग तोच पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या तोंडावर ताणून छेडा. फरक मुलेच सांगतील.

पेटीकडे नवी शक्ती कुठलीच नसते, हेही ध्यानात घ्यावे. तारेत बोटाने घातलेलीच शक्ती ती हवेला देते. म्हणूनच आवाज मोठा झाला की तो लवकर विझतोही. शिकंजातली एकटी तार बराच वेळ थरथरत राहिली होती, कारण ती कुणाला काही देत नव्हती.

ताण किती असावा?

तार किती ताणावी हा प्रश्न जुना आहे. भिक्खू सोण यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. श्रीमंताघरचा हा तरुण भिक्खू राजगृहाजवळ सीतवनात राहत होता. पायांतून रक्त येईपर्यंत तो चालत साधना करी, तरी मनाला शांती मिळेना. घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. भगवान बुद्धांनी त्याला उपदेशाचे मोठे व्याख्यान दिले नाही. तू घरी असताना वीणा चांगली वाजवीत होतास ना, असे विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हींना सोण नाही म्हणाला. मग प्रयत्नांचेही तसेच आहे, एवढेच बुद्धांनी त्याला सांगितले.

गिटार हाती घेतल्यावर ही कथा आम्हाला नव्याने कळली. तार सैल असली की पडद्यांवर खडखडते, सूर धरत नाही. फार पिळली की तुटते, आणि तुटताना हाताला लागते. शिवाय एकदा नीट लावली म्हणजे कायमची लागली असेही होत नाही. उन्हाने तार सैलावते, पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून रोज वाजविण्याआधी कान देऊन पुन्हा लावावी लागते. मुलांच्या अभ्यासाचेही असेच नाही का? धाकटीच्या बोटांना पहिल्या महिन्यात फोड आले. तिला आम्ही सांगितले, रोज अर्धाच तास वाजव, पण चुकवू नकोस. बारावीच्या वर्षातही तो अर्धा तास आम्ही काढून घेतला नाही.

खुद्द बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती आणि ते शिकण्यासाठी त्यांनी उतारवयात शिकवणी धरली होती, हे त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळते. एवढ्या कामाच्या डोंगराखाली दबलेल्या माणसाला तारांसाठी वेळ काढावासा वाटला. मग आपल्या मुलांना एखादा अर्धा तास जास्त होतो काय?

पावणेचार डॉलरची गिटार

गिटार हे पैसेवाल्यांचे वाद्य, असे अजूनही पुष्कळांना वाटते. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एका काळ्या बाईची हकिकत सांगतो. तिचे नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलायनातला. लहानपणीच शाळा सुटली आणि ती गोऱ्यांच्या घरी घरकाम करू लागली. पगार महिन्याला एक डॉलरच्या आसपास. त्यातून साठवून तिने पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती डावरी होती आणि गिटार उजव्या हाताची. शिकवायला कुणी नाही. तिने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा बोटांनी आणि बारीक तारा अंगठ्याने, अशी जगावेगळी पद्धत तयार झाली. दहा-बारा वर्षांची असताना तिने घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर गाणे रचले. ते पुढे जगभर गेले.

मध्ये लग्न झाले, संसार आला आणि कित्येक वर्षे गिटार सुटली. वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात काम करीत असताना तिला एक चुकलेली मुलगी सापडली. तिने ती आईच्या स्वाधीन केली आणि त्या घरी तिला कामाला बोलावले गेले. ते घर संगीतवाल्यांचे निघाले. भिंतीवर टांगलेली गिटार उतरवून ती पुन्हा वाजवू लागली. १९५८ साली, वयाच्या पासष्टीच्या सुमारास, तिची पहिली तबकडी निघाली. १९८५ साली, नव्वदी ओलांडलेली असताना, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली ती वारली. आजही जगभर गिटार शिकणारी मुले तिची पद्धत "कॉटन पिकिंग" या नावाने शिकतात.

आमच्यापैकी जिने दुसऱ्यांची लादी पुसून दिवस काढले, तिला ही हकिकत धाकटीने वाचून दाखविली. तेव्हापासून घरात गिटारच्या किमतीचा विषय निघाला नाही.

आईची वाचा

आता ज्यासाठी एवढे लिहिले ते सांगतो. घरात आमची म्हातारी आई आहे. एकाची जन्मदाती आणि दुसरीची सासू, पण दोघेही तिला आईच म्हणतो. वस्तीच्या महिला मंडळात चाळीस वर्षे ती पुढे उभी राहून गात आली. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिला अर्धांगवायूचा झटका आला. तातडीने इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. पण उजवा हात-पाय गेला आणि वाचा बसली. तिला सगळे कळत होते. डोळ्यांनी ओळखत होती. पण पाणी हवे तर "पाणी" हा शब्द ओठांवर येईना. जिच्या आवाजाने वस्ती जागी व्हायची, ती बाई घशातून नुसता घोगरा आवाज काढून रडायची. ते दिवस वैऱ्याला नकोत.

घरी आणल्यावर महिन्याभराने धाकटी तिच्या उशाशी बसून गिटारवर एक जुने भीमगीत वाजवीत होती. शब्द नव्हते, नुसती चाल. दुसऱ्या कडव्यापाशी आईचे ओठ हलू लागले. मग सूर आला. आणि मग, आमचा आमच्या कानांवर विश्वास बसेना, शब्द आले. तुटक, बोबडे, पण शब्द. दोन ओळी तिने म्हटल्या. गाणे थांबताच पुन्हा वाचा बंद.

कुणी म्हणाले चमत्कार झाला. आम्ही दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या ताईंना विचारले. त्यांनी समजावून सांगितले. बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मेंदूची डावी बाजू पाहते. आईच्या मेंदूला इजा झाली ती त्याच बाजूला, म्हणून उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेले. पण गाण्यात मेंदूच्या दोन्ही बाजू भाग घेतात. त्यामुळे बोलू न शकणारे काही रुग्ण पाठ असलेले गाणे शब्दांसह म्हणू शकतात. याचाच आधार घेऊन अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९७३ साली एक उपचारपद्धती मांडली गेली. रोजचे लहान वाक्य दोन सुरांत, एक चढा एक खालचा, गाऊन म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका द्यायचा. हळूहळू सूर कमी करीत बोलण्याकडे यायचे.

आम्ही ते धरले. धाकटी दोन तारा छेडायची, "पा-णी दे", आणि आईचा डावा हात आपल्या हातात घेऊन पलंगाच्या कडेवर ठेका द्यायची. रोज वीस मिनिटे. कधी आई रागावून तोंड फिरवी, कधी झोपून जाई. सहा महिन्यांनी पाणी, चहा, दुखतंय, ये, बस अशी काही बोलणी तिला जमू लागली. पहिल्यांदा तिने धाकटीला नावाने हाक मारली, ती अर्धी गाऊनच. यापुढे फार सुधारणा झालेली नाही, आणि होईल असे डॉक्टरांनीही सांगितलेले नाही. सगळ्याच रुग्णांना याचा गुण येतो असेही नाही. झटका आल्यावर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच एक मिनिट न दवडता इस्पितळ गाठावे. अंगारे-धुपाऱ्यांत आणि मालिशीत वेळ घालवू नये. गाणे हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे.

गहिवर कुठून येतो?

तारेतून निघते ती हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आपटते, तीन इवल्या हाडांतून आतल्या शंखात जाते. तिथे प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसांच्या पेशी आहेत. त्या थरथरीचे संदेश मेंदूला पोचवितात. इथवर सगळे यंत्राचे काम. मग डोळ्यांत पाणी का येते?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवडते संगीत ऐकताना माणसाच्या अंगावर काटा येतो, त्या वेळी मेंदूत डोपामीन नावाचे रसायन स्रवते असे त्यांना दिसले. भुकेल्याला अन्न मिळाल्यावर जे सुख होते त्यामागेही हेच रसायन असते. विशेष म्हणजे आवडती जागा गाण्यात येण्यापूर्वी, ती आता येणार या ओढीनेच ते स्रवू लागते. म्हणजे गाणे आपल्याला हलविते त्यात पुढचा सूर ठाऊक असण्याचा, वाट पाहण्याचा मोठा वाटा आहे. आईचे ओठ दुसऱ्या कडव्यापाशी हलले ते उगाच नाही. चाळीस वर्षे ती त्या जागेवर येऊन पोचत होती.

म्हणून आम्हाला वाटते, माणूसही एक पेटीच आहे. तार आपली थरथर पाठविते, पण खोली भरते ती पेटी जशी असेल तशी. आईची पेटी जलशांनी, जयंत्यांनी, जात्यावरच्या ओव्यांनी आणि मोर्च्यांनी घडलेली. तिच्यात ती चाल उतरली आणि गेलेली वाचा घटकाभर परत आली. तीच चाल त्या क्लासच्या बाईंना ऐकविली असती तर एखादे बरे गाणे ऐकल्यासारखे त्यांनी कदाचित मान डोलावली असती. सूर तोच, पण तो ज्यात घुमावा ते आयुष्य वेगळे.

याचा अर्थ असा की मुलांच्या पेटीत आज आपण काय घालतो त्याला महत्त्व आहे. जयंतीला भाड्याची मोठी यंत्रणा आणून कान बधिर करणारा आवाज लावला की कानातल्या त्या केसांच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. शिवाय त्या गोंगाटात मुलाला एकही चाल पाठ होत नाही. उद्या त्याच्या म्हातारपणी, ईश न करो म्हणण्याची आपली रीत नाही, पण वेळ कुणावरही येऊ शकते, त्याच्याजवळ परत बोलावण्यासारखे गाणे कुठले असेल?

आमची सूचना लहान आहे. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून विहारात एक तुणतुणे, एक पेटी आणि जमल्यास एक जुनी गिटार ठेवावी. रविवारी वंदना झाल्यावर ज्या आजी-आजोबांना जुनी गाणी पाठ आहेत त्यांनी गावी, मुलांनी वाजवावी, एकाने वहीत उतरवून घ्यावी. आमच्या वस्तीत गेल्या वैशाख पौर्णिमेपासून हे सुरू झाले आहे. सात मुले येतात, त्यांत चार मुली. तारा तुटतात, सूर चुकतात, दोन मुले एकाच पेटीसाठी भांडतात. आईला खुर्चीवर बसवून तिथे नेतो. ती बोलत नाही. पण डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरते, आणि मुले तिचा हात बघून वाजवितात.